पलीकडचं टोक

खेडशीतल्या शेडच्या भिंतीवर कमळाबाईंनी निळ्या ऑइलपेंटनं नऊ ओळी लिहून ठेवल्या होत्या. पहिली ओळ: हात लावण्याआधी प्लग काढा. शेवटची: पातं पुरतं थांबल्याशिवाय डोकं वर घेऊ नका. मधल्या सात ओळींत चष्मा, कानांतले बोळे, बांगड्या, ओढणी, मोकळे केस आणि सैल बाह्या या सगळ्यांचा बंदोबस्त केलेला. मायटर मशीन घरात आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी स्टुलावर चढून स्वतःच्या हातानं हे लिहिलं. सून अक्षया खाली स्टूल धरून उभी होती.

"आई, भिंत संपली. उरलेले नियम आता छपरावर लिहा," ती म्हणाली होती.

"हसून घे. दहा बोटं आहेत तोवरच हसायला येतं."

हा कडकपणा उगीच नव्हता. कमळाबाईंनी छत्तीस वर्षं रत्नागिरीतल्या एका सुतारकामाच्या शाळेत औजारखोली सांभाळली होती. पितळी बिल्ला घ्यायचा, हत्यार द्यायचं. हत्यार परत आलं की अंगठ्यानं धार बघायची आणि मगच बिल्ला परत करायचा. त्यांच्या खिडकीतून बोथट पटाशी कधी बाहेर गेली नाही. निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली, नारळ मिळाला, पण त्यांना अभिमान होता तो वेगळ्याच गोष्टीचा. छत्तीस वर्षांत त्यांनी दिलेल्या हत्यारानं कुणाचं बोट गेलं नव्हतं.

मुलगा सुजय मालवाहू बोटीवर. आठ-आठ महिने त्याचा फक्त फोन. अक्षया आधी फोटोंच्या चौकटी करायची, मग देव्हारे करायला लागली, आणि थर्माकोल बंद झाल्यापासून गणपतीची लाकडी मखरं. घडी घालून माळ्यावर ठेवता येणारी, सागाच्या पट्ट्यांची. चाकरमानी मुंबईहून फोनवरच मापं सांगायचे. गेल्या वर्षी अकरा मखरं गेली होती, यंदा सतरा.

ते सगळं त्या एका मशीनवर. खाली गोल फिरणारा तक्ता, मागे लाकूड टेकवायला उभी लोखंडी पट्टी, आणि वर लांब मानेचं डोकं, त्यात दहा इंची पातं. तक्ता डावीउजवीकडे फिरतो, डोकं कुशीवर कलतं. दोन्ही एकदम केलं की लाकडाला असा दुहेरी तिरका काप बसतो की कमानीचे सांधे बोट फिरवलं तरी कळत नाहीत. अक्षयाचा हात त्या कामात बसला होता. उजवा हात मुठीवरच्या बटणावर, डावा लाकडावर, पात्यापासून वीतभर लांब. पातं पूर्ण वेगात येऊ द्यायचं, मग सावकाश खाली. बटण सोडायचं, पातं थांबू द्यायचं, मग डोकं वर.

आणि पात्याच्या उजवीकडे जो तुकडा उरतो, त्याला हात लावायचा नाही. ही भिंतीवरची सातवी ओळ. कमळाबाईंनी ती लाल रंगानं अधोरेखित केली होती. दोन्ही टोकं धरली की काप मिटतो, पातं आवळलं जातं आणि लाकूड अंगावर उडतं. एक टोक धरायचं. दुसरं मोकळं सोडायचं.

श्रावणातल्या एका सोमवारी दुपारी कमळाबाई खिडकीशी बसून पट्ट्यांना पॉलिश पेपर मारत होत्या. पत्र्यावर पावसाची एकसुरी धार लागली होती. मशीनकडे त्यांची पाठ होती, पण कान तिकडेच. पातं वेगात आलं की त्याचा एक सूर लागतो. लाकडात शिरलं की तो जरा जड होतो. काप संपला की पुन्हा मोकळा. सकाळपासून असे चाळीसेक काप त्यांनी ऐकले होते.

एकेचाळिसावा मोकळा झाला नाही. अगदी शेवटी सूर खाली गेला, घसा आवळावा तसा.

त्यांनी मागे वळून पाहिलं. पातं थांबलं होतं, अक्षयानं डोकं वर घेतलं होतं. पात्याच्या उजवीकडे चार बोटांचा तुकडा पाठीच्या पट्टीला टेकून सरळ उभा होता. असा तुकडा एक तर उडतो, नाही तर आडवा पडतो. हा उभा होता. मग तो हळूच खाली आला. पडला असं म्हणता येत नव्हतं. ठेवल्यासारखा आला.

"तुकडा धरलास?"

"कुठे धरला? हे बघा माझे दोन्ही हात, इकडेच आहेत." अक्षयानं चष्मा कपाळावर सरकवला. "पातं खराब झालंय वाटतं. सकाळपासून शेवटाला जरा चावतंय."

"सकाळपासून? आणि मला आत्ता सांगतेस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर मशीन बंद केलं असतंत."

"मग आता बंदच कर."

प्लग काढला. अक्षयानं पातं उतरवलं. कमळाबाईंनी ते परातीत साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवलं आणि जुन्या टूथब्रशनं एकेक दाता घासला. सागाचा तेलकट काळा थर निघाला, पण फार नव्हता. एकही दाता तुटलेला नव्हता. त्यांनी पातं पुसलं, खिडकीच्या उजेडात धरून डोळा लावून पाहिलं, वाकलेलं नव्हतं. मशीनवर गुण्या लावला, तक्ता आणि पातं काटकोनात. पाठीची पट्टी सरळ. भुशाची पिशवी रिकामी केली. आत काही चूक सापडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहिले दहा काप नीट गेले. अकराव्याला सूर पुन्हा आवळला.

मिरजोळ्याहून रितेश आला. मशीनं दुरुस्त करणारा, तिशीचा, बडबड्या. त्यानं मोटारीचे कार्बन बदलले, बेअरिंग फिरवून पाहिलं, पात्यावरचं झाकण खालीवर करून पाहिलं.

"काकू, तुमच्या मशीनची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे. मला सकाळी उठायला होत नाही, हे बघा कसं मख्खन फिरतंय."

"बडबड नको. काप घेऊन दाखव."

त्यानं एक रद्दी पट्टी घेतली, मूठ दाबली, काप घेतला. शेवटाला सूर खाली गेला. त्यानं दुसरी पट्टी घेतली. मग वाकून पात्याच्या उजवीकडे, तक्त्याच्या खाली पाहिलं. खाली लोखंडी स्टँडचे चार पाय आणि भुसा, दुसरं काही नव्हतं.

"त्या बाजूला क्लॅम्प लावलाय का?"

"नाही."

"मग धरतंय कोण?" असं म्हणून तो हसला, पण एकटाच. चहा न घेता गेला. अक्षया त्याच्यामागे दारापर्यंत गेली आणि परत येताना म्हणाली, "लाकूड ओलं असेल आई. पावसात फुगतं. दुसरं काय असणार?"

कमळाबाईंनाही तेच वाटायला हवं होतं. त्यांनी पेटीतून उरलेले तुकडे काढले आणि खिडकीपाशी ओळीनं मांडले. वरून सगळे सारखे. उलटे केले तेव्हा खालच्या अंगाला, सागाच्या फिक्या रंगावर, ओलसर काळपट डाग दिसले. एकाशेजारी एक असे चार. घामेजल्या हातानं नवं लाकूड धरलं की उठतात तसे. अक्षयाची बोटं बारीक होती. हे डाग रुंद होते, आणि लाकूड खालून, वरच्या बाजूला तळवा करून धरावं तसे पडलेले.

त्यांनी पॉलिश पेपर घेऊन ते घासून काढले. अक्षयाला दाखवले नाहीत.

बुधवारी अक्षया बँकेत गेली असताना त्यांनी स्वतः चष्मा घातला, पदर खोचला, बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या आणि मशीन सुरू केलं. डावा हात वीतभर लांब. पातं वेगात. सावकाश खाली.

काप अर्ध्यावर आला आणि लाकूड हातात हललं. पलीकडून ओढ आली. ओढ आली, सुटली. पुन्हा आली, पुन्हा सुटली. हिसका नव्हता, घाई नव्हती. जणू पलीकडच्याला ठाऊक होतं की दिवस लांब आहे आणि दम पुरवून वापरायचा आहे.

कमळाबाईंनी बटण सोडलं. पातं थांबेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. मग त्या खाली, भुशातच बसल्या. ही ओढ त्यांच्या ओळखीची होती. हाताला नाही, डोळ्यांना. दहा वर्षांच्या असताना रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांनी ती पाहिली होती.

त्यांचे वडील, धाकू, करवत ओढायचे. मंडणगडाकडच्या रानांत ठेकेदाराबरोबर जायचे, महिना महिना तिथेच मुक्काम. पुरुषभर खोल खड्डा खणायचा, त्यावर ओंडका आडवा ठेवायचा. एक माणूस ओंडक्यावर उभा, एक खाली खड्ड्यात. मधे सहा हात लांब करवत. वरचा वर ओढणार, खालचा खाली. वर धाकू असायचे आणि खाली भागोजी. आई गेल्यावर घरी कोणी नव्हतं म्हणून कमळीला वडील बरोबर न्यायचे. ओंडक्यावर कापाची रेघ उठवायला गेरूत भिजवलेल्या सुताचं एक टोक धरून ठेवणं, पाणी देणं, निरोप देणं ही तिची कामं.

खालच्या माणसाला काही दिसत नसे. सगळा भुसा त्याच्या तोंडावर. भागोजी डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन, डोळे मिटून काम करायचा. त्याला वरून फक्त आवाज यायचा आणि त्याचं सगळं काम दोन शब्दांवर चालायचं. काम थांबवायचं झालं की वरचा म्हणणार, "सोड." मगच खालच्यानं मुठीवरचे हात काढायचे, आधी काढले तर करवत त्याच्याच अंगावर यायची. मग वरच्यानं करवत काढून घ्यायची, खड्ड्यात हात द्यायचा आणि म्हणायचं, "ये वर." तोवर खालच्यानं चढायचं नाही. भागोजी या दोन शब्दांच्या बाबतीत इतका पक्का होता की बाकीचे त्याची चेष्टा करत. "धाकू मुंबयस गेला नि बोलाय इसारला, तर ह्यो दिवाळीपातूर खालीच ऱ्हायल," असं म्हणून हसत. भागोजीही खोळीच्या आत हसायचा.

वैशाखातला दिवस होता. ठेकेदारानं रस्त्यावरून हाक मारली म्हणून वडील ओंडक्यावरून उतरले आणि जाता जाता म्हणाले, "कमळे, भागोजीला सांग, सोड म्हणावं. मी आलोच."

खड्डा वीस पावलांवर होता. वाटेत करवंदीची जाळी होती, काळीभोर लगडलेली.

किती वेळ गेला ते कमळीला कधीच नीट सांगता आलं नाही. ओठ चिकट झाले, हात डागाळले, तेव्हा तिला निरोप आठवला. ती खड्ड्याकडे आली. ओंडक्यावर कोणी नव्हतं. करवत मात्र चालू होती. वरची मूठ रिकामीच, वर जात होती, खाली येत होती. ओढ येई, सुटे. ओढ येई, सुटे. एक माणूस ती करवत चालवू शकत नाही, एवढं तिला दहाव्या वर्षीही कळत होतं. ती मागे सरली आणि रस्त्याकडे धावत सुटली.

वडील परत आले तेव्हा करवत ओंडक्यात थांबलेली होती. खड्ड्यात कोणी नव्हतं. भुशावर उतरल्याची पावलं होती, चढल्याची नव्हती.

"तू सांगितलंस ना गो?" वडिलांनी विचारलं.

"हो," कमळी म्हणाली.

लोक म्हणाले, मुंबईला पळाला. त्याची बायको जनी दोन वर्षं ठेकेदाराच्या दारात येऊन बसायची. वडिलांनी पुन्हा दोन माणसांच्या करवतीला हात लावला नाही. आणि तो 'हो' खोटा होता हे कमळाबाईंनी चौसष्ट वर्षं कुणाला सांगितलं नाही. लग्न झाल्यावर नवऱ्यालाही नाही.

अक्षया परत आली तेव्हा प्लग काढलेला होता आणि सासूबाई मशीनवर चादर टाकत होत्या.

"आता हे मशीन चालवायचं नाही."

"म्हणजे? तीन मखरं राहिलीत. हर्णैचं तर सगळ्यांत मोठं. गणपतीला अठरा दिवस आहेत, आई."

"हातकरवतीनं कर. मी मदत करते."

"दुहेरी काप हातकरवतीनं? साठ सांधे?" अक्षयाला आधी हसू आलं, मग सासूचा चेहरा पाहून ते विरलं. "काय झालंय? रितेशनं काही सांगितलं का?"

कमळाबाईंना सांगायचं होतं. पण सांगायचं काय? छत्तीस वर्षं त्या कारण शोधून मगच बोलल्या होत्या. पट्टा सैल आहे, धार गेली आहे, दांडा हलतो. या गोष्टीला असं एकही कारण नव्हतं.

"तुझी बोटं जातील," त्या म्हणाल्या.

"तुमची ओळ नंबर सात मी पाळते. सगळ्या पाळते. मी डाव्या बाजूला क्लॅम्प लावीन, हात जवळ नेणारच नाही. मग तर झालं?"

नियमाप्रमाणे यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. कमळाबाईंनी चादर काढली.

पुढचे आठ दिवस त्या मशीनच्या उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसल्या. आता मशीनकडे पाठ न करता. प्रत्येक कापाला सूर आवळे, तुकडा उभा राही, मग ठेवल्यासारखा खाली येई. प्रत्येक तुकडा उचलून पदराखाली पुसत. अक्षयाला आता सवय झाली होती. "लाकूड ओलं," ती म्हणायची आणि पुढची पट्टी घ्यायची. ओढ मात्र रोज थोडी वाढत होती. आधी क्लॅम्पचा स्क्रू दोन फेरे आवळावा लागे, मग तीन, मग पाच.

हर्णैच्या मखराची शेवटची पट्टी उरली. सगळ्यांत खालची, जिच्यावर सगळा भार येणार ती. तीन इंच जाड, पाच फूट लांब. दुपारचे साडेतीन वाजले होते. कमळाबाई चहाचं आधण ठेवायला घरात गेल्या. पाच मिनिटांचंच काम होतं.

दूध उतू जाण्याआधी त्यांनी सूर ऐकला. तो आवळला नाही. तुटला.

त्या अनवाणी धावल्या.

अक्षया मशीनशी वाकून उभी होती. डोकं खाली, पातं लाकडात अर्ध्यावर. क्लॅम्प सरकला होता आणि तो आवळायला गेलेल्या तिच्या डाव्या हाताची तीन बोटं त्याच्या जबड्यात आणि लाकडात सापडली होती. लाकूड उजवीकडे जात होतं. क्लॅम्प आणि हात घेऊन जात होतं.

"आई! बटण सोडलंय मी! सोडलंय!"

खरंच सोडलं होतं. तिचा उजवा हात मुठीवर नव्हताच, डावं मनगट धरून मागे खेचत होता.

पातं हलत होतं.

कमळाबाईंनी भिंतीतून प्लग उपटला. वायर हातात आली. प्लग त्यांच्या मुठीत होता, पितळेच्या तिन्ही पिना त्यांना टोचत होत्या.

पातं हलत होतं.

गोल फिरत नव्हतं. वीतभर पुढे येत होतं, वीतभर मागे जात होतं. मोटारीचा आवाज नव्हता. फक्त दाते लाकडातून जातायेताना होणारा आवाज, खर्र, खर्र. आणि प्रत्येक खेपेला लाकूड अर्धा इंच पलीकडे.

बोटं आणि पातं यांच्यात चार इंच.

त्यांनी क्लॅम्पचा स्क्रू धरला. तो फिरेना. त्यांनी लाकूड धरून डावीकडे ओढलं. पलीकडच्यानं तितक्याच सावकाश ते परत नेलं. त्या ओढीत राग नव्हता. तो फक्त काम करत होता. त्याला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं.

तीन इंच.

अक्षया नुसती आपल्या हाताकडे पाहत होती.

कमळाबाई गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी तोंड तक्त्याच्या खाली नेलं, जिथे स्टँडचे पाय होते, भुसा होता आणि दुसरं काही नव्हतं.

"भागोजीकाका," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही, फार बारीक निघाला. "बाबांनी सांगितलंय. सोड."

खर्र थांबली.

मग लाकडाचं पलीकडचं टोक धाडकन खाली आदळलं. आपल्या वजनानं, कुणीही न धरलेलं लाकूड आदळतं तसं. क्लॅम्प सैल झाला. अक्षयानं हात छातीशी घेतला आणि ती भुशात बसली. बोटं सोलवटली होती, नखं काळी पडली होती. पण तिन्ही होती. कमळाबाईंनी ती एकेक करून वाकवून पाहिली, मग पाचही, मग दुसऱ्या हाताचीही.

अक्षया म्हणाली, "भागोजीकाका कोण?"

"होते एक ओळखीचे. त्यांना एक निरोप द्यायचा राहिला होता."

घरातून दूध जळल्याचा वास येत होता.

त्यानंतर मशीन शहाण्यासारखं चालू लागलं. सूर मोकळा, तुकडे पडायचे तसे पडत. बोटांवर पट्ट्या बांधून अक्षयानं हर्णैचं मखर पुरं केलं, दुहेरी सांधे इतके बेमालूम की रितेश मुद्दाम बघायला आला आणि म्हणाला, "वहिनी, याच्यातून मुंगीसुद्धा जायची नाही." टेंपो आला. चालकानं आणि अक्षयानं मिळून मखर चढवलं. कमळाबाई त्या रात्री गाढ झोपल्या. सकाळी त्यांनी पात्याला तेलाचा बोळा फिरवला आणि मशीनवर चादर घातली. चौसष्ट वर्षांचं काहीतरी खांद्यावरून उतरलं असं त्यांना वाटलं. सुजयचा फोन आला तेव्हा त्यांनी त्याला चक्क एक विनोद सांगितला.

गणपतीच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला हर्णैहून फोन आला. मखराचे मालक, गंगाराम. अक्षया बाजारात गेली होती, फोन कमळाबाईंनी उचलला. मागे पोरांचा गलका, कुणीतरी हातोडी मारत होतं.

"बाय, मखर झकास झालाय हां. आमच्या आळीत आसला कुनाकडं नाय."

"बरं झालं. नीट पोचलं ना?"

"पोचला तर. नि तुमी मानूस धाडलात ता तर लय बरा झाला. टेंपोवाला एकटा काय करनार होता? ह्येनं खालचा टोक धरलान, आमी वरचा. जराबी हिसका न देता पार माजघरात आनून ठेवलान."

कमळाबाईंनी कुणालाच धाडलं नव्हतं.

"आता म्हनजे कसां झालाय," गंगारामचा आवाज जरा उतरला, "टेंपो परवाच गेला. तुमचा मानूस आजून हितंच हाय. मखराचा टेबल हाय ना, त्येच्या खाली बसलाय. आमी म्हटला, बाबा, दमलास, च्या घे, जेव. नाय. उठ म्हटला तरी उठत नाय. बोलत तर नायच. आता उद्या सकाळी देव बसवायचा. पोरांनी हात धरून वडायला बघितलान, तर..." तो थांबला. "पोरं आता माजघरात जात नायत."

"कसा दिसतो?" कमळाबाईंनी विचारलं.

"आसंल तिशीचा. डोईवर गोनपाट घेतल्यान. थोबाड काय नीट दिसत नाय. तुमीच सांगा बाय त्येला. तुमचा ऐकंल. थांबा, फोन खाली देतो."

फोनमधला गलका लांब गेला. दार लोटल्याचा आवाज आला. फरशीवर काहीतरी सरकवल्याचा. मग दोन बोटांनी फोन सावकाश उचलून घेतला गेला.

कमळाबाई उभ्याच होत्या. खिडकीबाहेर ऊन पडलं होतं.

पलीकडून कुणीतरी फुंकर मारून फोनवरचा भुसा उडवला, आणि वाट पाहत राहिलं.